बँजोचं नाक

(वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातलं एक लाकडी घर. मे महिन्यातला शनिवार, सकाळचे नऊ. शहात्तर वर्षांचा हार्लन स्वयंपाकघरात टेबलाशी बसलाय, त्याची मुलगी ट्वायला भिंतीतल्या शेकोटीला कान लावून उभी आहे. शेजारचा मर्ल धुराडी साफ करण्याचा धंदा करतो, तो छपरावर आहे. टेबलाखाली बँजो, अकरा वर्षांचा शिकारी कुत्रा, या घरात सध्या एवढा एकटाच काय तो शांत.)

हार्लन : पक्षी आहेत म्हटलं ना. दरवर्षी धुराड्यात घरटं करतात, ऑगस्टात निघून जातात. एवढ्यासाठी बिचाऱ्या मर्लला छपरावर चढवलंस.

ट्वायला : पक्षी असे रडत नाहीत, बाबा.

हार्लन : तू कधी पक्षी रडताना ऐकलायस?

ट्वायला : मी रोज शाळेच्या बसमधून बावन्न पोरं नेते-आणते. भुकेचं रडणं मला कळतं. इकडे या, कान लावा.

हार्लन : लावायला कान हवेत ना. बँजोने भुंकून भुंकून कधीच घालवले. ती कॉफी ओत जरा.

ट्वायला : किटली तुमच्या हाताशी आहे.

हार्लन : तू आलीस की तुझ्या हातची प्यावी म्हणतो, तर त्यातही तुझा हिशेब.

ट्वायला : घरात हातमोजा कशाला घातलाय?

हार्लन : गारठा आहे.

ट्वायला : एकाच हाताला?

हार्लन : दुसरा सापडत नाही. मर्ल, अरे काही दिसतंय का, की वरच बिऱ्हाड थाटलंस?

मर्ल : दिसतंय, काका. ट्वायला, ऐकू येतोय का मी? शेकोटीची झडप उघडू नकोस. अजिबात नको.

ट्वायला : नाही उघडत. काय आहे?

मर्ल : रॅकूनची पिल्लं. चार. झडपेच्या वर आत एक कट्टा असतो, त्यावर एकमेकांना चिकटून पडलीत. डोळे नुकते उघडलेले दिसतायत.

ट्वायला : आणि आई?

मर्ल : आई नाही. पोटं पाठीला लागलीत पोरांची. मला विचारशील तर दोन दिवस कुणी पाजलेलं नाही. मी बादली सोडून त्यांना काढतो आणि खाली येतो.

ट्वायला : बाबा.

हार्लन : काय?

ट्वायला : मागच्या अंगणात पिंजरा उघडा पडलाय. मी येताना बघितला. आत मार्शमॅलोचा चुरा आहे.

हार्लन : मग? धरली एक रॅकूनबाई. त्यात एवढं काय? तुझ्या आईने पक्ष्यांसाठी दाण्याचा डबा टांगलाय, त्याला उलटी लटकून खात होती. परवा, भर दुपारी. डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेली चोरांची जात, ठीक आहे, पण चोराने निदान दिवसाढवळ्या तरी लाज बाळगावी. डब्याचं झाकण मोडलं तिने. माझ्या ओपलने स्वतः रंगवलेलं झाकण. म्हणून पिंजरा लावला.

ट्वायला : मार्शमॅलो घालून?

हार्लन : मासा घातला तर सगळ्या आळीतली मांजरं आत. मांजर गोडाला तोंड लावत नाही, रॅकून मात्र गोडासाठी जीव टाकेल. पाव तासात आत होती. गाडीत टाकली आणि नदीपल्याड सोडून आलो, जुन्या करवतीच्या गिरणीपाशी. मध्ये दोन डोंगर आहेत, परत यायची नाही. गोळी नाही घातली, हेही ऐकून ठेव. तुझ्या आईच्या अंगणात मी बंदूक चालवत नाही.

मर्ल : आलो मी. ही बादली टेबलावर नको, खालीच ठेवतो. ट्वायला, एखादं जुनं पांघरूण दे. आणि हात लावायचा नाही कुणी, मी हे जाड हातमोजे घातलेत ते शोभेला नाही घातलेले.

ट्वायला : केवढीशी आहेत. हे घे पांघरूण. मर्ल, यांनी आई नदीपल्याड सोडलीय.

मर्ल : परवा ना? वाटलंच मला. पोटं तसंच सांगत होती.

हार्लन : मला काय माहीत ती आई होती. कपाळावर लिहिलं होतं?

मर्ल : पोटावर लिहिलेलं असतं, काका. आता रागावू नका, पण माझ्या धंद्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मेमध्ये मादी सापडली की पिंजरा तिरपा करून आधी पोट बघायचं. सड सुजलेले असतील, भोवतालचे केस चोखून चोखून गेले असतील, तर तिला हलवायचं नाही. आधी पिल्लं शोधायची. ती भर दुपारी बाहेर पडते ते लाज सोडून नाही पडत. चार तोंडं पाजायची म्हणजे तिला रात्र पुरत नाही.

हार्लन : हे तू मला सांगतोस? साठ वर्षं रॅकूनची शिकार केलीय मी.

मर्ल : ऑक्टोबरनंतर.

हार्लन : अर्थात ऑक्टोबरनंतर. शिकारीचा हंगामच तेव्हाचा.

मर्ल : तोवर पिल्लं आईएवढी झालेली असतात.

हार्लन : होतात खरी.

ट्वायला : म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं.

हार्लन : मेमधली बाई मला उभ्या जन्मात भेटली नव्हती, पोरी. झाडावर बसलेली भेटायची, कंदिलाच्या उजेडात डोळे चमकवत. साठ वर्षं ओळखतो असं म्हणत होतो, आणि ओळख अर्धीच. वाईट वाटतंय मला, झालं समाधान? आता ती पिल्लं घेऊन जा आणि काय करायचं ते करा. सगळे माझ्याकडे असे बघू नका.

मर्ल : आणखी एक विचारायचंय, काका. पिंजरा उघडलात तेव्हा हात कुठे होता तुमचा?

हार्लन : हात हाताच्या जागी होता.

मर्ल : पिल्लं मागे ठेवलेली आई दार उघडलं तरी पळत नाही कधी कधी. उलटी फिरते.

ट्वायला : हातमोजा काढा.

हार्लन : गारठा आहे म्हटलं ना.

ट्वायला : बसमधली सहा वर्षांची पोरंसुद्धा याच्याहून बरं खोटं बोलतात. काढा, नाहीतर मी कात्रीने कापते.

हार्लन : तारेने ओरखडलं. पिंजऱ्याची तार.

ट्वायला : काढा, बाबा.

हार्लन : हळू. हळू ओढ.

मर्ल : दोन वर, दोन खाली. तारेला सुळे नसतात, काका.

ट्वायला : अंगठ्याखाली सगळं सुजलंय. आणि हा वास कसला?

हार्लन : टर्पेंटाइन. माझे वडील सगळ्याला तेच लावायचे, नव्वदीपर्यंत जगले.

ट्वायला : त्यांना पिसाळलेला रॅकून चावला होता?

हार्लन : ही कशावरून पिसाळलेली? आत्ताच मर्ल म्हणाला ना, पोरांसाठी दिवसा हिंडत होती.

मर्ल : पोरांसाठी हिंडत असेल. आणि पिसाळलेलीही असेल. आई झाली म्हणून रोग टळत नाही. डोकं तपासल्याशिवाय कुणाला सांगता येत नाही, आणि ती बाई आता दोन डोंगर पलीकडे कुठल्या झाडावर आहे ते देवाला ठाऊक. या खोऱ्यात गेल्या उन्हाळ्यात किती पिसाळलेले सापडले ते तुम्हालाही माहिताय.

ट्वायला : उठा. गाडी काढते.

हार्लन : कुठे?

ट्वायला : दवाखान्यात, आणखी कुठे?

हार्लन : मी नाही येणार.

ट्वायला : सुयांना घाबरता का?

हार्लन : पोटात चौदा देतात.

मर्ल : ते जुनं झालं, काका. आता जखमेभोवती एकदा, आणि दंडावर काही दिवसांनी एकेक, अशा चार. माझ्या मेव्हण्याला दिल्या. तिसऱ्या दिवशी तो मासे मारायला गेला.

हार्लन : मेव्हणा तुझा बिनकामाचाच आहे. मी येत नाही म्हणजे येत नाही. विषय संपला.

ट्वायला : मर्ल, हे असंच राहू दिलं तर काय होतं? यांच्यासमोर सांग.

मर्ल : काकांना माहिताय. त्यांनी कोल्हे बघितलेत तसे.

ट्वायला : मला ऐकायचंय.

मर्ल : आधी काहीच होत नाही. महिना, दोन महिने, माणूस हिंडतो-फिरतो. मग चावल्याच्या जागी मुंग्या येतात. मग पाणी घशाखाली उतरत नाही, पाण्याचा पेला दिसला तरी घसा आवळतो. आणि एकदा ते सुरू झालं की जगात त्यावर औषध नाही. सगळं औषध त्याच्या आधी. आत्ता. आज.

ट्वायला : ऐकलंत?

हार्लन : ऐकलं. अर्धे कान शाबूत आहेत.

ट्वायला : मला भीती वाटतेय, बाबा. सरळ सांगते, मला भीती वाटतेय. आईला याच घरातून जाताना बघितलंय मी, अजून दीड वर्ष नाही झालं. तिच्यासाठी औषध नव्हतं. तुमच्यासाठी आहे, आणि तुम्ही इथे बसून मर्लच्या मेव्हण्याला नावं ठेवताय.

हार्लन : तुझी आई मध्ये आणू नकोस.

ट्वायला : मग कारण सांगा. तुम्ही हट्टी आहात, पण मूर्ख नाही. खाली काय बघताय सारखे? बँजोकडे काय बघताय?

हार्लन : काही नाही.

ट्वायला : बँजो, ये. ये बाळा, तोंड वर कर. हे ओठावर काय आहे?

हार्लन : काटा लागलाय.

मर्ल : ट्वायला, हात काढ त्याच्या तोंडाजवळून. काढ लगेच. जा, धुऊन ये साबणाने.

हार्लन : तो नव्हता येणार खरं तर. मी त्याला गाडीत बसवून ठेवलं होतं. मी दार उघडलं, ती बाई पिंजऱ्यातून निघाली ती सरळ माझ्या हातावर. सोडेचना. मी झटकतोय, शिव्या देतोय, आणि ती लोंबकळतेय. गुडघे गेलेत याचे, ट्वायला. मी रोज उचलून गाडीत घालतो याला. आणि हा गाडीच्या खिडकीतून उडी मारून आला. अकरा वर्षांचा. त्याने धरली तेव्हा तिने माझा हात सोडला, आणि याचा ओठ फाडून जंगलात पळाली.

ट्वायला : बरं. मग त्याला पण दाखवू. त्याला लस आहे ना? पट्ट्यावर लसीचा बिल्ला आहे.

हार्लन : हो, आहे बिल्ला.

ट्वायला : थांबा, वाचते. हा हिरवा आहे. घंटेच्या आकाराचा. बाबा, आकार दरवर्षी बदलतात. ही घंटा आपल्या फिडल कुत्रीच्या वेळची. फिडलला मीच नेलं होतं, मीच तिच्या पट्ट्यात अडकवला होता हा.

हार्लन : फिडल गेली, तिला त्याचा काय उपयोग होता?

ट्वायला : तिचा काढून याला घातलात?

हार्लन : कुणी विचारू नये म्हणून.

ट्वायला : आणि याला टोचलंच नाही?

हार्लन : फिडल घरातली कुत्री. तिला नाकाचं काम फक्त चुलीवर काय शिजतंय एवढंच. शिकारी कुत्र्याला सुई टोचली की नाक मरतं. माझ्या वडिलांची कुत्री, अख्ख्या काउंटीत तिच्यासारखं नाक नव्हतं. सुई टोचली आणि त्या हिवाळ्यात शेपटीमागचा ससा सापडेना तिला.

मर्ल : तेव्हा ती तेरा वर्षांची होती, असं माझे बाबा सांगायचे.

हार्लन : तुझ्या बाबाला कुत्र्यातलं काय कळत होतं?

ट्वायला : म्हणजे बँजोला कधीच नाही. एकदाही नाही.

हार्लन : एकदाही नाही. आता कळलं? दवाखान्यात जाऊन रॅकून चावला म्हणालो की ते काउंटीच्या आरोग्य खात्याला फोन करतात. काउंटीचा माणूस घरी येतो. कुत्रा आहे का? त्याला चावलं का? टोचलेला आहे का? मर्ल, पुढचं तू सांग. तुला सगळे नियम पाठ आहेत.

मर्ल : टोचलेला असेल तर एक जादा सुई देतात आणि दीडेक महिना घरीच नजरेखाली ठेवायला सांगतात. कधीच टोचलेला नसेल तर चार महिने बंद. जाळीआड एकटा, कुणी हात लावायचा नाही.

हार्लन : आणि?

मर्ल : आणि तशी सोय नसेल तर झोपवतात.

हार्लन : टॅकेटच्या कुत्रीला झोपवलं. खड्डा मी खणला. टॅकेटला फावडं धरवत नव्हतं.

ट्वायला : सोय करू आपण. जाळी बांधू.

हार्लन : चार महिने, ट्वायला. हा अकराचा. तुझ्या आईने याला चुलीमागे खोक्यात ठेवून बाटलीने वाढवलाय, याची आई व्यायल्यावर मेली तेव्हा. ओपल गेल्यापासून हा तिच्या बाजूला झोपतो. पलंगावर मी चढवतो, पहाटे मी उतरवतो. त्याला जाळीत टाकायचं आणि रोज लांबून दाखवायचं की मी इथेच आहे पण येणार नाही? तो चार महिने काढायचा नाही. मी सांगतो तुला, चार आठवडे नाही काढणार.

ट्वायला : म्हणून तुम्ही मरायचं.

हार्लन : कुणी मरत नाही. दहा दिवस थांबू. बँजो ठीक राहिला तर सगळं ठीक.

मर्ल : दहा दिवसांचं गणित चावणारा कुत्रा डोळ्यासमोर असतो तेव्हाचं, काका. इथे चावणारी निघून गेली. बँजोला काही व्हायचं असेल तर ते दोन महिन्यांनीही होईल. आणि तुम्हाला त्याच्या आधी झालं तर?

हार्लन : मी शहात्तरचा आहे. माझं होऊन गेलंय सगळं.

ट्वायला : माझं नाही झालं.

हार्लन : मर्ल, तू एक कर. दवाखान्यात मी जातो. पण कुत्रा तिथे नव्हता. तू काही बघितलं नाहीस, ट्वायलाने काही बघितलं नाही. एवढंच. शेजारी म्हणून माग काय हवं ते.

मर्ल : असं नका सांगू मला करायला.

हार्लन : तुझ्या धुराड्यांसाठी मी माझी शिडी दिलीय बारा वर्षं.

मर्ल : शिडी परत न्या, काका. माझी नात रोज संध्याकाळी तुमच्या ओट्यावर येते. बँजोचे कान ओढते, त्याच्या तोंडात हात घालून दात मोजते. आजपर्यंत बेचाळीसच्या बेचाळीस मोजून झाले नाहीत कधी, मध्येच हसते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मी घरी जाऊन तिला काय सांगू? परवा पण ती आली होती का?

हार्लन : काल आली होती. मी बँजोला आत ठेवला. झोपलाय म्हटलं तिला.

मर्ल : म्हणजे धोका आहे हे तुम्हाला माहीत होतं.

हार्लन : हो. माहीत होतं.

ट्वायला : मग बोलला का नाहीत, बाबा?

हार्लन : काय बोलू? तो माझ्यासाठी खिडकीतून आला आणि मी त्याला काउंटीच्या माणसांच्या हाती द्यायचा. दोन दिवस हाच विचार करतोय. मला दुसरं काही दिसत नाही.

ट्वायला : थांबा. मला एक आठवतंय. फिडलला न्यायचं काम आई मला सांगायची. मी एकदा विचारलं होतं, मग बँजोला का नाही, दोघांना एकदमच नेते. ती हसली. म्हणाली, बँजो तुझ्या बाबांचा कुत्रा आहे, त्याचं मी बघते.

हार्लन : त्याचं म्हणजे खाणंपिणं.

ट्वायला : तिचा पाककृतींचा डबा कुठे आहे?

हार्लन : फडताळात. त्याला हात लावू नकोस. ती गेल्यापासून तो उघडलेला नाही.

ट्वायला : म्हणून तर. बाबा, आई तुमच्यापासून काही लपवायची तर कुठे लपवायची माहिताय?

हार्लन : ओपल माझ्यापासून काही लपवत नव्हती.

ट्वायला : माझं सातवीत नापास झाल्याचं पत्र. तुमच्या भावाचं ते पत्र, ज्यात त्याने तुम्हाला दोनदा गाढव म्हटलंय.

हार्लन : कुठलं पत्र?

ट्वायला : सगळं बिटाच्या लोणच्याच्या कार्डामागे. ती म्हणायची, तुझे बाबा बीट खात नाहीत, तिथपर्यंत त्यांचा हात जायचा नाही. मक्याचा पाव... सफरचंदाचं लोणी... घेवडा... हे बघा, बीट. आणि मागे पाकीट.

मर्ल : काय आहे त्यात?

ट्वायला : बिल्ले. एक, दोन, तीन, चार. आणि कागद. थांबा, अक्षरं दिसेनात मला. मर्ल, तू वाच.

मर्ल : हात काळे आहेत माझे.

ट्वायला : राहू दे काळे. वाच.

मर्ल : जनावरांच्या डॉक्टरचा कागद. बँजो, नर, शिकारी, वय दोन वर्षं. रेबीजची लस दिली. दुसरा, वय तीन. मग सहा. मग नऊ. नऊचा म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. खाली लिहिलंय, तीन वर्षांसाठी. म्हणजे पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालतो, काका. हा कुत्रा टोचलेला आहे. पक्का टोचलेला.

हार्लन : दे इकडे.

मर्ल : जादा सुई आणि दीड महिना घरी. तुमच्या घरी. माझ्या नातीला मी समजावतो.

हार्लन : हे मागे काय आहे? हे तिचं अक्षर आहे. चष्मा कुठे गेला माझा... ट्वायला, वाच गं.

ट्वायला : पहिल्याच्या मागे, ऑक्टोबरची तारीख. “हंगामाची पहिली रात्र. तीन रॅकून झाडावर धरले. नाक शाबूत.” दुसऱ्याच्या मागे, “दोन धरले, एक मैलभर लांबून. नाक शाबूत. हार्लन अख्ख्या खोऱ्यात सांगत फिरतोय.”

मर्ल : मलाही सांगितलं होतंत. बघ मर्ल, सुई न टोचलेल्या कुत्र्याचं नाक. दोनदा सांगितलंत.

हार्लन : तू गप्प बस.

ट्वायला : तिसऱ्यामागे नुसतंच “नाक शाबूत”.

हार्लन : आणि शेवटचा?

ट्वायला : “हात थरथरतात, गाडी हळू चालवली. बँजो शहाण्यासारखा बसला. नाक अजून शाबूत, गुडघे गेले. हार्लनला आता सांगून टाकलं पाहिजे. पुढच्या खेपेला त्यालाच न्यावं लागेल.”

हार्लन : तो एप्रिल. डॉक्टरांनी तिला निदान सांगितलं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यातला. मला म्हणाली, बहिणीकडे जाऊन येते, बँजोला हवा खायला नेते. मी म्हटलं, तुझी तब्येत अशी आणि कुत्र्याला कसली हवा? रागावलो मी तिच्यावर. दारातून गाडी जाईपर्यंत बोलत होतो.

ट्वायला : बाबा.

हार्लन : मला राग यायला पाहिजे होता ना आत्ता? नऊ वर्षं फसवलं तिने मला.

ट्वायला : येतोय का राग?

हार्लन : नाही. फार आठवण येतेय.

मर्ल : मी या पोरांना घेऊन निघतो. खाली पुलापलीकडे एक बाई आहे, अनाथ पिल्लं वाढवते, रीतसर परवान्याने. आई चावल्याचं सांगावं लागेल तिला, पुढचं ती आणि काउंटी ठरवतील. आत्ता ऊब आणि दूध मिळालं तर बघू.

हार्लन : चारही जगतील?

मर्ल : खोटं नाही बोलत, काका. तीन धडपड करतायत. चौथं फार थकलंय.

हार्लन : फडताळात खालच्या कप्प्यात एक छोटी बाटली आहे, रबरी बोंडाची. बँजोची. ती घेऊन जा त्या बाईला. चौथ्यासाठी म्हणावं.

मर्ल : देतो.

हार्लन : आणि मर्ल, शिडी तुझ्याकडेच ठेव.

ट्वायला : चला. बँजोला मी उचलू?

हार्लन : तू नको. तोंडाजवळ जाऊ नकोस त्याच्या. हातमोजा दे माझा, मीच चढवतो. एका हाताने जमतं मला. तू त्याचा पट्टा काढ फक्त... नको, तोही मीच काढतो. त्यातला फिडलचा बिल्ला काढायचाय.

ट्वायला : हे घ्या आईने ठेवलेले. कुठला घालू?

हार्लन : शेवटचा. कागद तुझ्याकडे ठेव, सगळे. डबा फडताळात परत ठेव. नाही, राहू दे टेबलावर. उघडाच राहू दे.

ट्वायला : बरं.

हार्लन : आणि येताना बाजारात थांब जरा.

ट्वायला : कशाला?

हार्लन : बीट घेऊ.